धुक्यातली शर्यत आणि ब्रँटबाईंचा कान

हेरॉन मार्श, विस्कॉन्सिन
४ ऑक्टोबर १९७९

थोरले बंधू थॉर्वल्डदादा यांस, धाकट्या वेंडेलचा, इथल्या थंडीतून निघून तिकडच्या वाळवंटात पोचेपर्यंत ऊब धरेल असा नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? मार्गिटवहिनींनी मागच्या पत्रात लिहिलं होतं की ॲरिझोनात गुडघे दुखत नाहीत, फक्त करमत नाही. (दुसरा भाग त्यांनी खोडला होता, पण कागद खिडकीशी धरला की वाचता येतो.) त्यांना माझा नमस्कार सांग, आणि त्यांनी पाठवलेलं निवडुंगाचं रोप जिवंत आहे हेही सांग. ते जिवंत आहे असं मी धरून चाललो आहे, कारण निवडुंग मेला तरी कळतं कसं हे मला ठाऊक नाही. माझी तब्येत उत्तम. एक दाढ गेली, उजव्या कानाने थोडं कमी ऐकू येतं, आणि गेल्या शनिवारी हंगामातली शेवटची शर्यत मी काहीही न दिसता माईकवरून सांगितली. तू म्हणशील, वेंडेल, तू गेली तीस वर्षं तेच करतोयस. तसं नव्हे. खरोखर काही दिसत नव्हतं. पण ते सांगायचं तर आधी ब्रँटबाईंबद्दल सांगायला हवं.

लिओनोरा ब्रँट शिकागोहून आल्या, त्याला आता चार उन्हाळे झाले. तळ्याकाठची ती हिरव्या खिडक्यांची झोपडी त्यांनी घेतली, जिच्या ओसरीवरून आपल्या ट्रॅकचे दिवे दिसतात. जन्मभर त्यांनी पियानोचे सूर जुळवून देण्याचं काम केलं. मोठमोठ्या सभागृहांत, मोठमोठ्या लोकांचे पियानो. अशी बाई शांततेसाठी गावाकडे येते आणि पहिल्याच शनिवारी संध्याकाळी सामान उघडत असताना आपल्या वीस गाड्या एकदम सुरू होतात. त्यांचा चहाचा कप फुटला म्हणे. तेव्हापासून दर सोमवारी नगरपालिकेत त्यांचा अर्ज. या वर्षी नगरपालिकेने अखेर ठरवलं की ब्रँटबाईंनी स्वतः आवाज मोजायचं यंत्र घेऊन ट्रॅकवर बसावं, आकडा आणावा, आणि मग मंगळवारच्या सभेत ट्रॅकचं काय ते ठरवू. यंत्र कुठे ठेवायचं? तर सगळ्यात उंचावर, मी माईकवरून शर्यत सांगतो त्या मचाणावर. माझ्या शेजारच्या खुर्चीत. जिथे तू थर्मास ठेवायचास तिथे.

मी आदल्या आठवड्यात चीजचा मोठा तुकडा आणि ॲना मावशीच्या पद्धतीचा ॲपल पाय घेऊन त्यांच्या ओसरीवर गेलो. म्हटलं, बाई परगावच्या, त्यांना ट्रॅक म्हणजे काय ते कुणी सांगितलेलंच नसेल. आणि दादा, मी सांगत सुटलो. युद्धावरून परतलेली पोरं एका जागी बसू शकत नव्हती, जुन्या फोर्ड गाड्या चर्चच्या रस्त्यावर रात्रंदिवस पळवायची, शेवटी स्मशानाची भिंत पडली, तेव्हा बाबांनी खालचं कुरण मोकळं करून दिलं हे सांगितलं. बाबा त्यांना म्हणाले होते, "फिरायचंय ना? इथे फिरा. गोल फिरा, म्हणजे घरी परत याल." ट्रॅक अंड्याच्या आकाराचा का, तर आईने कपडे वाळत घालायची दोरी हलवायला नकार दिला म्हणून, हेही सांगितलं. ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून सॉसेज विकायची, आणि जो हरला त्याला कांदा जास्त. झेलिन्स्कींचं धान्याचं कोठार जळलं तेव्हा शर्यत मध्येच थांबवून प्रेक्षकांतून हेल्मेट फिरवलं होतं, आणि ते परत आलं तेव्हा त्यात नोटांबरोबर कुणाची तरी लग्नाची अंगठी होती. (ती कुणाची हे अजून कुणी बोलत नाही, पण कोठार त्याच हिवाळ्याआधी उभं राहिलं.) लुडविगच्या अंत्ययात्रेचंही सांगितलं. आयुष्यभर ट्रॅकवर उलट्या दिशेने जाणाऱ्यांना झेंडा दाखवून बाहेर काढणारा तो माणूस. त्याच्या शवपेटीला मानाची एक फेरी मारून आणायचं ठरलं, आणि शववाहिनीचा ड्रायव्हर परगावचा असल्याने नेमका उलट्या दिशेने गेला. अख्खा गाव टोप्या काढून उभा, रडावं की हसावं कळेना, आणि मग लुडविगच्या बायकोनेच हसायला सुरुवात केली.

हे सगळं मी तासभर सांगितलं. संध्याकाळ पाण्यावर उतरत होती, तळ्यातून वाफ निघत होती, मला माझंच बोलणं कुठूनतरी दुरून येतंय असं वाटायला लागलं होतं. ब्रँटबाईंनी शांतपणे ऐकलं. ॲपल पायचा तुकडा संपवला. मग म्हणाल्या, "हे सगळं छान आहे, मिस्टर हॉगस्टॅड. पण ती हिरवी गाडी बेसूर आहे."

हिरवी गाडी म्हणजे हार्लनची. खिळे-हातोड्या विकणारा आपला हार्लन. मी म्हटलं, बाई, गाडीला कसला सूर?

"प्रत्येक गाडीला असतो," त्या म्हणाल्या. "तुमच्या एकाही गाडीचा बरोबर नाही. मी चार वर्षं दर शनिवारी इथे बसून कानात बोटं घालते, तरी ऐकू येतात. दूध वाहणाऱ्या त्या मुलीची गाडी त्यातल्या त्यात बरी."

दूध वाहणारी म्हणजे ट्रुडी झेलिन्स्की. आठवडाभर डेअरीचा टँकर चालवते आणि शनिवारी सगळ्यांना मागे टाकते. तिची गाडी निळी आहे. पण ब्रँटबाईंनी ती कधी पाहिलीच नव्हती. रंग वगैरे त्यांना लोकांकडून कळलेले. मी रिकामी बशी घेऊन घरी आलो. मनात म्हटलं, वेंडेल, संपलं.

शनिवारी दिवसभर ऊन होतं, सप्टेंबरअखेरचं ते आळसावलेलं, मधासारखं ऊन, ज्यात माशाही चालत जातात. गाव झाडून आलं होतं. कुणी तोंडाने बोलत नव्हतं, पण ही बहुधा शेवटची वेळ असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर होतं. शाळेचा बँड वाजला. पाद्री एल्मक्विस्टनी सर्वांच्या सुखरूपतेसाठी प्रार्थना केली, 'आमेन' म्हणता म्हणता हेल्मेट चढवलं आणि आपल्या पांढऱ्या गाडीत जाऊन बसले. (तू गाव सोडल्यावर आलेले हे पाद्री. प्रार्थना फार मनापासून करतात आणि मग पहिल्याच वळणावर लोकांना धडकतात. पंधरा वर्षांत एकदाही जिंकलेले नाहीत. त्यांचं म्हणणं, देव नम्रता शिकवतोय. हार्लनचं म्हणणं, देव गिअर बदलायला शिकवत नाही.) ब्रँटबाई करड्या कोटात, हातमोजे घालून मचाणाची शिडी चढल्या, यंत्र मांडीवर ठेवलं आणि मला म्हणाल्या, "मी इथे नाही असं समजा." एवढं सरळ बसलेलं माणूस नाही असं समजायला फार कष्ट पडतात, दादा.

शेवटची मोठी शर्यत सुरू झाली तेव्हा सूर्य नुकताच दलदलीपलीकडे टेकला होता. दिवे लागलेले. धुळीला तो रंग आलेला, तुला माहीत आहे तो, ज्याच्यासाठी आई हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहायची. काही फेऱ्या झाल्या आणि गारवा उतरला, आणि मग क्रॅनबेरीच्या दलदलीतून धुकं आलं. दूध उतू जातं तसं. आधी कडेने हळूच वर आलं, आणि आता कुणीतरी आच कमी करावी असं मनात येईतो सगळीकडे. आधी तिसरं वळण गेलं, तू गाडी पळवायचास तेव्हा ज्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटायची तेच. मग कपडे वाळत घालायच्या दोरीचा खांब. मग झेंडेवाला. तो जिवाच्या आकांताने लाल झेंडा हलवत होता असं तो नंतर सांगतो, आणि मी विश्वास ठेवतो, पण त्याचा हातच दिसत नव्हता तर झेंडा काय दिसणार? दिव्यांच्या उजेडाने ते धुकं आतून पेटल्यासारखं पांढरंशुभ्र झालं होतं. माझ्यासमोर काही नाही, दादा. नुसता उजेड, आणि त्या उजेडात गोल गोल फिरणारा आवाज.

खालून बायका ओरडायला लागल्या, "वेंडेल, काय चाललंय? वेंडेल, बोल की!"

आता मी काय बोलणार? लोक घाबरून ट्रॅककडे धावले असते तर अनर्थ झाला असता. मी माईक उचलला आणि अगदी गोड आवाजात म्हणालो, "मंडळी, जागचं कुणी हलू नका. सगळ्या गाड्या व्यवस्थित ट्रॅकवर आहेत. ट्रुडी पुढे आहे."

"खोटं," शेजारून आवाज आला.

मी माईकवर हात ठेवला. "काय म्हणालात?"

"ती पुढे नाही. हिरवी पुढे आहे. ती तिच्या मागे आहे आणि आतून पुढे सरकतेय." ब्रँटबाईंचे डोळे मिटलेले होते. मांडीवरचं यंत्र घसरून फळीवर पडलं होतं आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. "आता बरोबरीला आली. आता… हं. आता पुढे."

"ट्रुडी पुढे!" मी ओरडलो. खालून टाळ्या.

मग त्या सांगत गेल्या आणि मी बोलत गेलो. काय वेळ होती ती! त्या पुटपुटायच्या, "जाड आवाजाचा मागे पडला," आणि मी त्याला नाव द्यायचो. हळूहळू खालचा गलका शांत झाला. धुकं जरा विरळ झालं की पहिल्या दोन रांगा दिसायच्या. लोक माना तिरक्या करून बसले होते, बऱ्याच जणांनी डोळे मिटलेले. जन्मभर ज्या आवाजावर ओरडून बोललो तो पहिल्यांदाच नीट ऐकत होतो. मलाही, या एका कानाने का होईना, एक गाडी दुसरीपासून वेगळी ऐकू यायला लागली. मी आपल्या जुन्या खोलीत खिडकी उघडी टाकून झोपलोय आणि हे सगळं स्वप्नात चाललंय असं वाटत होतं. आणि मध्येच ब्रँटबाई म्हणाल्या, "तुमचे पाद्री कुठे चाललेत?"

"म्हणजे?"

"ते लांब जाताहेत. तिकडे," त्यांनी न बघता बोट दाखवलं, "आवाज मऊ झालाय. भुसभुशीत मातीतून येतोय."

तिकडे ट्रॅक नाही, दादा. तिकडे मागचं फाटक आहे, आणि फाटकापलीकडे ऑल्सनचं बटाट्याचं शेत. मी लोकांना एवढंच सांगितलं की पाद्रीबुवांनी वेगळा मार्ग निवडला आहे. हशा पिकला. मीही हसलो. आणि तेवढ्यात ब्रँटबाईंनी माझं मनगट धरलं, हातमोज्यासकट, असं घट्ट की वळ उठला.

"ती बंद पडली," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"दूधवाली. तिचा आवाज नाही. तिसऱ्या वळणावर होती आणि आता नाही. ती तिथेच उभी आहे, आणि बाकीचे फिरून येताहेत."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. ट्रुडी रस्त्यात आडवी, तिला कुणी पाहू शकत नाही, आणि मागून सगळे तिच्यावर येताहेत. मी माईकवर ओरडलो. कोण ऐकतंय? इंजिनांच्या आवाजात भोंगा कुणाला ऐकू यायचा! खाली रुग्णवाहिकेवाल्याने सायरन वाजवला, तोही त्या गदारोळात बुडाला. ब्रँटबाई डोळे घट्ट मिटून म्हणत होत्या, "हिरवी सरळ रस्त्यावर आहे. हिरवी वळतेय. अहो, काहीतरी करा!" मला तेव्हा बाबा आठवले. निकालावरून भांडण पेटलं की बाबा कुणाशी वाद घालत नसत. सरळ दिव्यांची मोठी कळ खाली ओढत, आणि हातघाईवर आलेली माणसं अंधारात जागच्या जागी गप्प उभी राहत. कळ अजून तिथेच आहे, मचाणाच्या मागच्या खांबावर. मी ती दोन्ही हातांनी ओढली.

सगळं पांढरं होतं ते करडं झालं. डोळ्यांवर कुणी घोंगडी टाकावी तसं. एकामागून एक आवाज तुटत गेले, चाकं मातीत घासल्याचा लांबलचक सुस्कारा आला, आणि ब्रँटबाई हलक्या आवाजात मोजल्यासारखं म्हणत होत्या, "हा थांबला… हाही थांबला… हिरवी…"

मग शांतता. इतकी शांतता आपल्या ट्रॅकवर शनिवारी कधी नव्हती. दलदलीत कुठेतरी क्रौंच पक्षी ओरडले, आणि ते सगळ्यांना ऐकू आले. त्यानंतर धुक्यातून माणसांचे आवाज यायला लागले. गाड्यांतून उतरून सगळे एकमेकांना नावाने हाका मारत होते, आंधळी कोशिंबीर खेळणाऱ्या मोठ्या मुलांसारखे, आणि कडेच्या रांगांतून त्यांच्या बायका, आया त्यांना हाका मारत होत्या. प्रत्येक हाकेला ओ येत होती. एका नावाला येत नव्हती. झेलिन्स्की म्हातारी उभी राहून, "ट्रुडी! अगं ट्रुडी!" आणि काही नाही. पुन्हा, आणि काही नाही.

आणि मग तिसऱ्या वळणाकडून कातावलेला आवाज: "आले गं आई! हा हार्लन माझ्या दारावर गाडी लावून बसलाय, उतरू कशी? खिडकीतून निघतेय!"

हार्लनची गाडी तिच्या दाराला टेकून थांबली होती. काच फुटली नव्हती. नुसता निळा रंग थोडा हिरवा झाला होता. हार्लन स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसला होता आणि ट्रुडी त्याला म्हणत होती, "उठ रे बाबा, तू मारलं नाहीस मला, तू थांबलास. आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर थांबलास." म्हातारीने तिला मिठी मारली, मग हार्लनला मारली, मग एक चापटही मारली.

यानंतर बऱ्याच वेळाने, मी दिवे लावल्यावर, बटाट्याच्या शेतातून एक पांढरी गाडी मुळासकट उपटलेली झाडं पुढच्या दांडीला अडकवून फाटकातून आत आली. पाद्री एल्मक्विस्ट उतरले. आजूबाजूला सगळे उभे पाहून त्यांचा चेहरा उजळला. "बराच वेळ माझ्यापुढे कुणीच नव्हतं," ते म्हणाले. "जिंकलो का मी?" आम्ही त्यांना चषक देऊन टाकला. कुणाच्याही तोंडून 'नाही' निघालं नाही. ऑल्सन बटाट्यांचं काही बोलला नाही, हे विशेष.

मंगळवारी सभा. ब्रँटबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी आकडा वाचला. आकडा मर्यादेच्या फार वर होता; यंत्र फळीवर पडलं नसतं तर आणखी वर गेला असता, असंही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. मग त्या म्हणाल्या की गाड्यांना सायलेन्सर लावावेत, रात्री वेळेत दिवे बंद करावेत, "आणि त्या हिरव्या गाडीचा आठवा सिलिंडर पेटत नाही. तो दुरुस्त करा. मी चार वर्षं अंथरुणात पडून त्या आठव्या ठोक्याची वाट पाहतेय." हार्लन तांबडालाल झाला. सायलेन्सरवर आपली मंडळी खूप ओरडली, बैलाला शाल पांघरल्यासारखं दिसेल वगैरे, पण ठराव झाला. ट्रॅक राहिला. निदान नगरपालिकेकडून राहिला. बाहेर पडताना मी त्यांना म्हटलं, धुक्यात तुम्ही रडत होतात की काय? म्हणाल्या, ओलावा डोळ्यांत गेला.

तर असं आहे. इकडे पानं पिवळी व्हायला लागलीत. तब्येतीला जप, वहिनींना नमस्कार, निवडुंगाला काय घालायचं ते कळव.

तुझा धाकटा,
वेंडेल

ता. क. एक गोष्ट लिहायची राहिली. तळ्याकाठी बंगले बांधणाऱ्या कंपनीचा माणूस बुधवारी येऊन गेला. बूट फार चकचकीत होते. म्हणाला, ट्रॅकच्या कुरणातला थोरल्या भावाचा अर्धा हिस्सा आम्हाला मिळाल्यातच जमा आहे, आता तुम्ही बघा. मी तुला सही करू नकोस असं म्हणणार नाही. हिस्सा तुझा आहे, गुडघेही तुझे आहेत, औषधं महाग असतात. मी एवढंच म्हणतो की मे महिन्यात पहिल्या शर्यतीला ये. मचाणावर बस. मग सही कर, मी स्वतः पेन उघडून देईन.

ता. क. २. तुझी खोली झाडून ठेवीन. जेवण मात्र ब्रँटबाईंकडे. सध्या मी तिकडेच जेवतो. हसू नकोस. वहिनींनाही हसू देऊ नकोस. पत्र शुद्धलेखन तपासायला ब्रँटबाईंकडेच देतोय, तेव्हा या ओळी त्या वाचतीलच.

(वेगळ्या, सरळ अक्षरात:)

श्री. थॉर्वल्ड हॉगस्टॅड यांस. आपली ओळख नाही. शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या आहेत. बाकी चुका तशाच ठेवल्या आहेत. एक गोष्ट मात्र आपल्या बंधूंनी लिहिलेली नाही. दिवे बंद केले तेव्हा माईक सुरूच होता, आणि तिसऱ्या वळणाकडे बघून ते ओरडत होते. ट्रुडीचं नाव घेत नव्हते. "थांब, थॉर्वल्ड! थांब!" असं म्हणत होते. सगळ्या गावाने ऐकलं. नंतर कुणीही त्यांना त्याबद्दल विचारलेलं नाही. आपण त्या गाडीत नव्हतात, हे त्यांना सांगायला आपण स्वतः आलात तर बरं होईल.

— लि. ब्रँट